झरीची शाळा नेमकी कोणत्या सालची?

शाळेच्या कमानीवर ‘स्थापना’ असे लिहून पुढे एक साल रंगवलेले असते. हे साल कुठून आले, असे विचारले तर बहुतेक गावांत दोन उत्तरे मिळतात. पहिले, आधीच्या मुख्याध्यापकांनी तेच टाकले होते. दुसरे, यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीच्या, माहितीत तेच भरलेले आहे. यू-डायसच्या तक्त्यात शाळेच्या स्थापना वर्षाचा रकाना असतो आणि तो शाळेनेच भरायचा असतो. म्हणजे तक्त्याला कमानीचा आधार आणि कमानीला तक्त्याचा. शताब्दीचा मांडव घालण्यापुरते एवढे भागते. इतिहास लिहायला बसले की भागत नाही.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची झरी हे या प्रश्नासाठी चांगले उदाहरण आहे. गाव मोठे, काळ्या मातीचे, तालुक्याच्या राजकारणात नाव असलेले. पण जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणाला जसे स्वतंत्र दप्तर मिळते तसे या गावाला मिळालेले नाही. परभणी शहरातल्या किंवा अंबाजोगाईतल्या एखाद्या नामांकित विद्यालयाचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे. तिथे संस्था असते, संस्थेची इतिवृत्ते असतात, वर्गणीदारांच्या याद्या असतात. झरीसारख्या गावची सरकारी शाळा आधी निजामाच्या शिक्षण खात्याची होती, मग हैदराबाद राज्याची, मग मुंबई राज्याची, मग महाराष्ट्राची आणि शेवटी जिल्हा परिषदेची. मालक बदलला की कागदांचा पत्ता बदलतो. मराठवाड्यातल्या खेड्याच्या शाळेचा इतिहास शोधणे म्हणजे बऱ्याच अंशी हे पत्ते शोधणे.

आधी ‘स्थापना’ म्हणजे काय हे ठरवायला हवे. मराठवाड्यातल्या मोठ्या गावांत साधारणपणे पाच-सहा स्थापना एकावर एक बसलेल्या असतात. मारुतीच्या देवळात किंवा देशमुखाच्या वाड्याच्या ओसरीवर पंतोजी मुलांना धूळपाटीवर अक्षरे गिरवायला लावी, ती एक. खात्याने मास्तर नेमून शाळा मंजूर केली, ती दुसरी. पाचवीपासूनचे वर्ग जोडले गेले, ती तिसरी. स्वतःची इमारत झाली, ती चौथी. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शाळेच्या शिक्क्यावरचे नाव बदलले, ती पाचवी. पुढे कुठे हायस्कूल म्हणजे ‘प्रशाला’ झाली, कुठे मुलींची शाळा वेगळी निघून पुन्हा एकत्र झाली. कमानीवरचे साल यांपैकी कशाचे आहे हे ठरल्याशिवाय ते बरोबर की चूक हा वाद निरर्थक आहे. झरीत जुन्या माणसांचे एक साल आणि कागदाचे दुसरे साल निघाले, तर एक जण खोटे बोलतो असे मानायची घाई करू नये. दोघे वेगवेगळ्या शाळेबद्दल बोलत असण्याची शक्यता जास्त.

आजवर मराठवाड्यातल्या शाळांवर जे लिहिले गेले ते बहुतेक वरून पाहून लिहिलेले आहे. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. त्यामुळे त्यांच्या इंग्रजी आठवणींत आणि मुक्तिसंग्रामावरच्या एकूण लेखनात शाळा हे चळवळीचे केंद्र म्हणून येते. अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक याच वळणाचे आणि आजही अपरिहार्य. त्यातल्या शाळा मात्र राष्ट्रीय शाळा आहेत, खाजगी आहेत, ध्येयवादी आहेत. निजामाच्या खात्याकडून पगार घेणारा खेड्यातला मास्तर त्यात फारसा भेटत नाही. दुसऱ्या बाजूला विद्यापीठीय संशोधन आहे. पी. व्ही. काटे यांच्या ‘मराठवाडा अंडर द निझाम्स’ या पुस्तकात प्रदेशाच्या कारभाराचा पट आहे. कविता दातला यांनी उस्मानिया विद्यापीठ आणि उर्दू यांच्यावर नेमके, दृष्टी बदलणारे पुस्तक लिहिले आहे, पण त्यांची नजर राजधानीवर आहे. हैदराबादेत उर्दूतून विज्ञान शिकवण्यासाठी परिभाषा घडत होती, त्याच वर्षांत परभणी तालुक्यातला मुलगा, चौथीनंतरचे शिक्षण उर्दूतून म्हणून, त्या धाकाने शाळा सोडत होता का, हा प्रश्न दोन्ही प्रकारच्या पुस्तकांच्या मधल्या फटीत पडला आहे. तिसरा प्रकार शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांचा. मंत्र्यांचे शुभसंदेश, जाहिराती, माजी विद्यार्थ्यांच्या गहिवरल्या आठवणी. यातल्या नव्वद पानांत उपयोगाची चार असतात, पण ती चार दुसरीकडे कुठेच नसतात. त्यामुळे स्मरणिका रद्दीत घालू नयेत, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

निजामकालीन कागदांकडे वळताना पहिली अडचण लिपीची आणि दुसरी नावांची. खात्याच्या भाषेत प्राथमिक शाळा ‘तहतानिया’, मधली ‘वस्तानिया’ आणि हायस्कूल ‘फौकानिया’. मास्तर ‘मुदर्रिस’, हेडमास्तर ‘सदर मुदर्रिस’, तपासणी अधिकारी ‘मोहतमिम तालिमात’ आणि सगळ्यांच्या वर ‘नाझिम तालिमात’. यादीत ‘मदरसा’ लिहिलेले पाहून ती धार्मिक शाळा होती असे समजणारे आजही भेटतात. खात्याच्या कागदात कोणत्याही सरकारी शाळेला मदरसाच म्हणत, तिथे मारुतीच्या पारावर मराठी बाराखडी चालत असली तरी.

तिसरा खळगा सनांचा. कागदावर फसली साल असते, फर्मानावर हिजरी, आणि गावच्या आठवणीत शके किंवा ‘प्लेगच्या साली’, ‘पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी’. हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सालात ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. फसली १३४१ म्हणजे ऑक्टोबर १९३१ ते ऑक्टोबर १९३२. महिन्यांची नावे इराणी असली तरी इराणच्या आजच्या पंचांगाशी ती जुळत नाहीत, म्हणून मोबाइलवरचे तयार तारीख-परिवर्तक इथे वापरू नयेत. महिना-दीड महिन्याची चूक ठरलेली. शाळेच्या बाबतीत एवढ्या फरकाने शैक्षणिक वर्षच बदलू शकते.

चौथी गोष्ट खरी महत्त्वाची. गाव खालसा होते, जहागिरीतले होते की सर्फ-ए-खासमधले, म्हणजे निजामाच्या खाजगी मालमत्तेतले? झरीसाठीही शोधाची सुरुवात याच प्रश्नाने करायला हवी. खालसा गावाचे कागद सरकारी खात्यांत जातात. जहागिरीच्या गावची शाळा जहागीरदाराच्या मर्जीवर आणि त्याच्याच दप्तरात. सर्फ-ए-खास आणि जहागिरी दोन्ही १९४९ मध्ये संपल्या. त्यांची दप्तरे सरकारात आली ती महसुलाच्या हिशेबासाठी, शाळांच्या काळजीने नव्हे.

हैदराबादेत तारनाक्याला तेलंगणा राज्याचे पुराभिलेखागार आहे आणि निजामाच्या शिक्षण खात्याच्या फायली तिथे आहेत. तिथे जाणाऱ्याने झरीचे नाव मिळेल ही आशा बाजूला ठेवून परभणी जिल्ह्याच्या फायली मागाव्यात. एका गावची शाळा ही त्या कारभारात क्वचितच स्वतंत्र फाईल होते. ती येते मंजुरीच्या यादीतली एक ओळ म्हणून, बदलीच्या हुकमात, किंवा कोणी तक्रार केली तर. तक्रारीची फाईल सापडली तर संशोधकाचे भाग्य, कारण गावातल्या दोन तटांची नावे तिच्यातच येतात. संस्थानच्या ‘जरीदा’ या राजपत्रात नेमणुका आणि बदल्या छापल्या जात. खात्याचे वार्षिक अहवाल इंग्रजीतही निघत, पण त्यांत आकडे जिल्ह्याचे. १९०९ च्या इम्पीरियल गॅझेटिअरच्या हैदराबाद खंडातही तसेच. १९०१ मध्ये साऱ्या संस्थानात लिहिता-वाचता येणारे शेकडा ३ च्या आसपास होते, हे कळल्याने झरीबद्दल काही कळत नाही. एवढेच कळते की त्या काळात शाळा निघणे ही मोठी गोष्ट होती.

खाजगी शाळांच्या बाबतीत एक कायदा लक्षात ठेवावा लागतो. १९२४ च्या सुमारास ‘खानगी मदारिस’चे नियम आले. शिक्षण खात्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय खाजगी शाळा काढता येईना. राष्ट्रीय बाजूचे लेखक याला शाळांची गळचेपी म्हणतात, खात्याचे लोक दर्जाची काळजी म्हणत. दोघांचे म्हणणे ऐकून घ्यावे. पण आपल्या कामासाठी मुद्दा निराळा आहे. या नियमांनंतर कागदावर ‘स्थापना’ म्हणून दिसणारी तारीख अनेकदा मंजुरीची तारीख असते. त्याआधी पंतोजीने वीस वर्षे शिकवले असेल, तर ती वीस वर्षे सरकारी कागदाच्या बाहेर राहतात. मद्रास इलाख्यात थॉमस मन्रोने १८२२ मध्ये देशी शाळांची पाहणी सुरू केली होती, म्हणून धरमपालांना त्या शाळांवर ‘द ब्यूटिफुल ट्री’ हे पुस्तक लिहिता आले. ते पुस्तक वाचून तोच हिशेब मराठवाड्याला लावणारे लेख मी पाहिले आहेत. तसे करणे म्हणजे शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले पीक दाखवणे.

आता फुटलेले सांधे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६२ ला जिल्हा परिषद आली. त्यापुढे १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतून गेले, आणि १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली. प्रत्येक सांध्यावर कागदांची वाटणी झाली. जे कामाचे वाटले ते नव्या कचेरीत गेले, बाकीचे जुन्या कचेरीच्या माडीवर राहिले. उर्दू वाचणारे कारकून निवृत्त झाल्यावर त्या गाठोड्यांचे काय करायचे हे कोणालाच कळेना. माझे मत असे की झरीच्या शाळेची निजामकालीन माहिती हैदराबादेत जेवढी निघेल, तेवढीच किंवा जास्त परभणीच्या कचेऱ्यांतल्या या गाठोड्यांत निघेल. छत्रपती संभाजीनगरला राज्याच्या पुराभिलेख खात्याचे कार्यालय आहे. तिथेही डोकवावे, पण जिल्ह्याचे रेकॉर्ड रूम आधी.

आणि त्याच्याही आधी शाळेचे कपाट.

शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज किंवा प्रवेश-निर्गम नोंदवही, कायम जपायचा दस्तऐवज आहे. हजेरीपट काही वर्षांनी नष्ट करता येतात, हे करता येत नाही. म्हणून बऱ्याच गावांत सर्वात जुना सलग कागद हाच उरतो. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. साधे रकाने. पण दोन-तीनशे नोंदी लागोपाठ वाचल्या की गाव बोलायला लागते.

जन्मतारखेपासून सुरुवात करू. पानेच्या पाने मुले १ जून किंवा १ जुलैला जन्मलेली दिसतील. मास्तरांनी मुलाकडे बघून वय ठरवले आणि प्रवेशाच्या नियमात बसेल अशी तारीख लिहिली. अशा तारखांवरून मुलाचे वय काढणाऱ्याने सावध राहावे. पण याच रकान्याचा दुसरा उपयोग आहे. ज्या वर्षापासून अस्सल वाटणाऱ्या, विखुरलेल्या तारखा दिसू लागतात, त्या वर्षापासून गावात जन्माची नोंद किंवा निदान जन्माची तारीख लक्षात ठेवण्याची रीत रुजली असे धरता येते. कोणत्या घरांत आधी, कोणत्या नंतर, हेही दिसते.

जातीचा रकाना आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र वाचा. पहिले दलित मूल कोणत्या साली आले? आले ते एकटे की भावंडांसह? किती महिने टिकले? अधिकृत धोरण शाळा सर्वांसाठी खुली असल्याचे सांगत असे. दाराबाहेर बसवलेल्या मुलाची नोंद मात्र रजिस्टरात आत बसलेल्यासारखीच दिसते. इथे कागदाला म्हाताऱ्यांच्या तोंडी आठवणींची जोड द्यावीच लागते. मुलींचेही तसेच. पहिली मुलगी कोण, हा स्मरणिकेचा प्रश्न. दुसरी आणि तिसरी मुलगी किती वर्षांनी आली, हा इतिहासाचा. पहिलीसाठी एखाद्या घरचा हट्ट पुरतो, तिसरी येते तेव्हा गावाने काहीतरी मान्य केलेले असते.

शाळा सोडल्याचे कारण हा सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात श्रीमंत रकाना. ‘सतत गैरहजर’, ‘घरकाम’, ‘गाव सोडले’, ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘मयत’. चौथीनंतर ‘पुढील शिक्षणासाठी’ किती जण गेले हे मोजले तर उर्दू माध्यमाच्या भिंतीची उंची कळते. १९४८ नंतर दुय्यम शिक्षणात प्रादेशिक भाषा आल्या, तेव्हा हा आकडा चढला का? चढला नसेल, तर अडसर भाषेचा कमी आणि घरच्या परिस्थितीचा जास्त होता असे म्हणावे लागेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच भाषणांना मुरड घालावी लागेल. १९४७-४८ ची पाने विशेष पाहावीत. सत्याग्रह, शाळांवरचे बहिष्कार, रझाकारांचा धुमाकूळ, वऱ्हाडच्या सरहद्दीकडे गेलेली कुटुंबे. या काळात नोंदी थांबतात की चालू राहतात, कोणाच्या थांबतात, आणि सप्टेंबर १९४८ नंतर कोणती नावे परत येत नाहीत, हे सगळे एका वहीत असते. परत न आलेल्या नावांत मुसलमान मुलांची नावे किती, हा प्रश्नही विचारला पाहिजे. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांवर गावात बोलले जात नाही, रजिस्टर निदान तारखा सांगते.

इंग्लंडमध्ये खेड्यांच्या शाळांचा इतिहास लिहिण्याची परंपरा भक्कम आहे, कारण १८६० च्या दशकात सरकारी अनुदानासाठी तिथल्या हेडमास्तरांना रोजनिशी ठेवावी लागली. बटाटे काढायला पोरे गेली, रस्त्यावर बर्फ पडला, तपासनीस येऊन गेले, असे त्यात सापडते. आपल्याकडे याची जागा दोन वह्या भरतात. एक शेरेबुक, ज्यात तपासणीला आलेला अधिकारी चार ओळी लिहून जातो: पटावर इतके, हजर इतके, फळा फुटका, मुलांना पाढे येतात. आणि दुसरा हजेरीपट, जिथे शिल्लक असेल तिथे. कापसाच्या वेचणीत हजेरी किती घसरते, ज्वारीच्या सुगीत किती, १९७२ च्या दुष्काळात घसरली की सुकडीमुळे उलट वाढली, हे हजेरीपटावरून सिद्ध होते. स्मरणिकेतल्या ‘आम्ही दुष्काळात शिकलो’ या वाक्याला तिथे वजन येते.

जडसंग्रह नोंदवही लोक उघडतही नाहीत. बाके, घंटा, नकाशे, रेडिओ, शिलाई यंत्र, विज्ञानाची पेटी कधी आली, कोणी दिली, कधी निर्लेखित झाली. शाळा जमिनीवर बसणारी होती की बाकांवर, याचे साल त्यात मिळते. इमारतीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि जागेसाठी महसुलाचे खासरा पत्रक १९५४-५५ पाहावे. मराठवाड्यात जमिनीच्या बाबतीत १९५४-५५ चे खासरा पत्रक हा पायाचा कागद मानला जातो. शाळेची जागा गायरानातली, गावठाणातली की कोणाच्या दानाची, हे तिथून उलगडते. गावात दानशूर म्हणून ज्याचे नाव घेतात त्याच्याच नावावर ती जमीन होती का, हे तपासण्याचे धाडस मात्र हवे. शिरगणतीचाही आधार घ्यावा. परभणी जिल्ह्याच्या १९६१ आणि १९७१ च्या जनगणना पुस्तिकांतल्या गावनिहाय याद्यांत शाळांची नोंद आहे. १९६७ चे परभणी जिल्हा गॅझेटिअर जोडीला ठेवावे, पण त्यातून गावापुरती अपेक्षा माफक असावी.

तोंडी आठवणी घेताना एक पथ्य. ‘शाळा कधी सुरू झाली’ असे विचारले की समोरचा साल सांगायला धडपडतो आणि चुकतो. ‘तुमच्या वर्गात किती जण होते, मास्तर कुठे राहायचे, जेवायला कोणाच्या घरी, मार कशाने बसायचा, उर्दूचे पुस्तक कोणते होते’ असे विचारले की त्याच माणसाकडून तारखा आपोआप निघतात. मास्तर कोण होते हे कळले की त्यांच्या बदलीच्या हुकमावरून किंवा सेवापुस्तिकेवरून साल पक्के करता येते.

गेल्या काही वर्षांत या जुन्या वह्यांना अचानक भाव आला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, महसुली कागद, उर्दू आणि मोडीतली दप्तरे जिल्ह्याजिल्ह्यांत तपासली गेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेट हा शब्द घरोघरी पोचवला. मराठा आरक्षणाच्या वादात कोण बरोबर, हा इथला विषय नाही. पण जे काम पुराभिलेख खात्याला पन्नास वर्षांत जमले नाही ते एका राजकीय निकडीने काही महिन्यांत झाले. कपाटे उघडली, उर्दू-मोडी वाचणारे शोधले गेले, पाने स्कॅन झाली.

अडचण अशी की हा शोध एका रकान्यासाठी झाला. ज्या पानावर हवा तो शब्द, ते पान स्कॅन झाले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही चढले. शाळेच्या इतिहासाला लागते ती सलग वही, शब्द नसलेल्या पानांसकट, कोऱ्या सोडलेल्या ओळींसकट. तुटक पानांवरून गळती मोजता येत नाही, १९४८ चा खंड दिसत नाही, पहिल्या आणि तिसऱ्या मुलीतले अंतर कळत नाही. दुसरीकडे मुख्याध्यापकांची भीतीही खरी आहे. रजिस्टर बाहेर गेले, कोणी खाडाखोड केली, तर जात पडताळणीत साक्षीला त्यांनाच उभे राहायचे आहे. त्यामुळे वही मागू नये. शाळेतच, मुख्याध्यापकांसमोर आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने, पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत सलग फोटो काढावेत. एक प्रत शाळेत, एक पंचायत समितीत, एक जिल्हा रेकॉर्ड रूममध्ये ठेवावी. छापताना मुलांची नावे आणि जाती वगळून फक्त आकडे छापावेत, कारण त्यातल्या कित्येकांची नातवंडे आज त्याच वर्गात बसतात. परभणी जिल्हा परिषदेने हे एका तालुक्यापुरते केले तरी झरीच्या कमानीवर कोणते साल लिहायचे हे ठरवता येईल, किंवा एकाऐवजी तीन साले लिहावी लागतील.